सीटी स्कॅन नॉर्मल, तरी डोके का फुटते? कवटीच्या आत वाढणाऱ्या दाबाविषयी

"सजद्यातून उठले की दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे काळोख येतो. मग आपोआप सगळं पुन्हा दिसायला लागतं." आमच्या शाळेतल्या एका आपांनी स्टाफरूममध्ये हे सांगितले, तेव्हा आम्ही डबा उघडत होतो. "नाश्ता न करता येता, बीपी लो होत असेल," असे म्हणून आम्ही विषय संपवला. आम्ही मुलांना विज्ञान शिकवतो, हे इथे कबूल केलेले बरे. त्या आपांच्या परवानगीनेच हा लेख लिहीत आहोत.

वय २९, दोन मुले, तळोज्याहून रोजची ये-जा. डोके दुखायला लागून आठ महिने झाले होते. सकाळी उठल्यावर जास्त, खोकला आला की आणखी जास्त, आणि मानेपासून खांद्यापर्यंत ओढ. मेडिकलवाल्याने गोळी दिली, ती रोजची झाली. कुणी ॲसिडिटी सांगितली, कुणी चष्म्याचा नंबर, कुणी मायग्रेन. खालाने नजर उतरवली. एकाने हिजामा सुचवला, तोही झाला. शेवटी सीटी स्कॅन काढला. तो नॉर्मल आला आणि घरातले वातावरणच बदलले. तोवर ती आजारी होती, आता ती बहाणे करणारी झाली. "रिपोर्टमध्ये काही नाही, मग हिला नेमकं होतंय काय?" हे सासूबाईंचे वाक्य आपा आजही विसरलेल्या नाहीत.

हा आजार पकडला चष्म्याच्या दुकानातल्या मुलीने. नंबर बदलला नव्हता, पण वाकल्यावर अंधारी येते आणि रात्री कानात धकधक ऐकू येते, हे ऐकून ती म्हणाली, "चष्मा राहू द्या, आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या." डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली, आत पाहिले. दोन्ही डोळ्यांच्या मागे नस जिथून आत शिरते तिथे सूज होती. त्याच संध्याकाळी ॲडमिट, एमआरआय, आणि दुसऱ्या दिवशी पाठीतून पाणी काढून मोजलेला दाब. आजाराचे नाव इडिओपॅथिक इंट्राक्रॅनियल हायपरटेन्शन, थोडक्यात आयआयएच.

या नावातला शेवटचा शब्द घोटाळा करतो. हायपरटेन्शन म्हटले की आपण ब्लडप्रेशर समजतो. आपांच्या घरीही लगेच जेवणातले मीठ बंद झाले आणि शेजारच्या चाचांची बीपीची गोळी देऊ का, अशी चर्चा सुरू झाली. हा दाब दंडाला पट्टा बांधून मोजायचा दाब नव्हे. हा कवटीच्या आतल्या पाण्याचा दाब आहे. (बीपी अतिशय वाढले तरी डोळ्याच्या नसेला सूज येऊ शकते, म्हणून डॉक्टर आधी बीपी बघतात. पण ती गोष्ट वेगळी.)

आपला मेंदू कोरडा नसतो. त्याच्या भोवती आणि पाठीच्या कण्यात पाण्यासारखे स्वच्छ द्रव असते. मोठ्या माणसात ते एका वेळी साधारण १५० मिलिलिटर, म्हणजे एक कपभर. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये ते सतत तयार होते, दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर, आणि तेवढेच मेंदूवरच्या मोठ्या रक्तशिरांमधून रक्तात परत जाते. म्हणजे हे पाणी दिवसातून तीन-चार वेळा पूर्ण बदलते. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. वरून पाणी येतच आहे आणि खालचा पाइप गाळाने अर्धा बुजला आहे. टाकी भरून वाहिली तर आपल्याला कळते. पण ही टाकी हाडाची आहे, झाकण घट्ट बसलेले आहे आणि वाहून जायला जागा नाही. आत मेंदू, रक्त आणि पाणी या तिघांनाच जागा. एक वाढले की दुसऱ्याला दाबणार. एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि पुढे जॉर्ज केली यांनी हा हिशेब मांडला, आजही मेंदूचे डॉक्टर तोच धरून चालतात.

मग डोळ्याचा काय संबंध? डोळ्याची नस खरे तर मेंदूचाच लांबवलेला भाग आहे. मेंदूवरची आवरणे या नसेवरही बाहीसारखी चढलेली असतात आणि त्या बाहीत तेच पाणी असते. आत दाब वाढला की तो या बाहीतून थेट डोळ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत पोहोचतो. नसेचे तोंड सुजते. वाकले, उठले की तिथला रक्तपुरवठा क्षणभर कमी पडतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. सजद्यातला काळोख हाच. बीपी लो झाल्यावर गरगरते, घाम सुटतो, पाय लटपटतात. इथे डोके ठिकाणावर असते, फक्त दिसणे जाते, कधी एका डोळ्याचे तर कधी दोन्ही. कानातली धकधक नाडीच्या ठोक्याबरोबर चालते. काहींना लांबची वस्तू शेजारी-शेजारी दोन दिसते, कारण डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नस या दाबात लवकर सापडते.

यातला धोकादायक भाग पुढे आहे. सूज राहिली की नजर आधी कडेने जाते, मधली शाबूत राहते. भिंतीवरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ माणूस फडाफडा वाचतो आणि घरचे म्हणतात, डोळे तर ठीक आहेत. दारातून जाताना खांदा चौकटीला लागतो, बाजूने येणारी रिक्षा दिसत नाही, पण हे नजरेमुळे होते आहे हे त्या माणसाला स्वतःलाही कळत नाही. म्हणून फक्त नंबर तपासणे पुरेसे नाही. पडदा तपासणे आणि 'फिल्ड टेस्ट', म्हणजे समोर बघत असताना कडेला लुकलुकणारे ठिपके दिसले की बटण दाबायचे ती परीक्षा, या दोन गोष्टी हव्यात. गेलेली नजर बहुधा परत मिळत नाही. उरलेली वाचवता येते.

जर्मन डॉक्टर हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्ये पाठीतून पाणी काढण्याची पद्धत सांगितली आणि त्याच दशकात डोक्यात गाठ नसताना दाब वाढलेले रुग्ण नोंदवले. १९०४ मध्ये माक्स नॉन यांनी त्याला 'खोटी गाठ' अशा अर्थाचे नाव दिले, कारण लक्षणे सगळी ट्यूमरची आणि ट्यूमर कुठेच नाही. अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये अशा २२ रुग्णांचा अभ्यास छापला. पुढे १९५५ च्या सुमारास याला 'बिनाइन', म्हणजे निरुपद्रवी, म्हणायची पद्धत पडली. गाठ नाही, जीव जात नाही, या अर्थाने ते ठीक होते. पण नजर जात होती. निरुपद्रवी म्हटलेल्या आजारात माणसे आंधळी होत होती, म्हणून तो शब्द काढून टाकला गेला. आता 'इडिओपॅथिक' म्हणतात, म्हणजे ज्याचे कारण सापडले नाही असा. जुन्या फाइलींवर किंवा परदेशातल्या नातेवाइकांच्या कागदांवर बिनाइन दिसले तर निर्धास्त होऊ नका.

कारण सापडले नाही याचा अर्थ काहीच माहीत नाही असा नव्हे. दहापैकी नऊ रुग्ण बायका असतात, त्यातही मुले होण्याच्या वयातल्या, आणि बहुतेकींचे वजन वाढलेले किंवा अलीकडच्या काळात झपाट्याने वाढलेले असते. पाश्चात्त्य देशांतल्या मोजणीत एकूण लोकसंख्येत वर्षाला लाखामागे एक-दोन नवे रुग्ण निघतात, पण वजन जास्त असलेल्या तरुण बायकांमध्ये हे प्रमाण कितीतरी पट वाढते. वजनाचा आणि या पाण्याचा नेमका दुवा काय, हार्मोन की शिरांवरचा दाब, यावर संशोधन चालू आहे. लहान मुलांनाही हा आजार होतो. तिथे मुलगा-मुलगी फरक नसतो आणि वजनाचाही फारसा संबंध नसतो. वर्गात एखादे मूल मान वाकडी करून फळा बघू लागले, किंवा फळ्यावरची अक्षरे दोन-दोन दिसतात म्हणाले, तर आम्ही आता पालकांना बोलावतो.

काही वेळा कारण सापडतेही आणि ते आपल्याच कपाटात असते. मुरमांसाठी दिली जाणारी आयसोट्रेटिनॉइन ही गोळी 'अ' जीवनसत्त्वाच्या कुटुंबातली आहे आणि तिच्यामुळे हा दाब वाढू शकतो. मुरमांसाठीच लिहून दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन आणि तिच्या जातीची अँटिबायोटिके यांच्यामुळेही वाढू शकतो. ही दोन्ही एकत्र घेणे तर टाळायलाच हवे. लग्न ठरले की दोन महिन्यांत चेहरा साफ व्हावा म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणणाऱ्या मुली आमच्या पाहण्यात आहेत. 'अ' जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल जास्त मात्रेत घेणे, दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइडची गोळी एकदम बंद करणे, हीसुद्धा कारणे आहेत. रक्त फार कमी असेल तरी असा दाब वाढलेला आढळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या अर्ध्याहून अधिक बायकांना रक्तक्षय निघाला, तेव्हा हिमोग्लोबिनची साधी तपासणी या आजारातही कामाची आहे. झोपेत जोरात घोरणे आणि श्वास अडकणे हेही डॉक्टरांना जरूर सांगावे.

आपल्याकडे एक शक्यता मात्र कोणत्याही परिस्थितीत आधी तपासावी लागते. मेंदूतले रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी होणे. लक्षणे जवळजवळ तीच, इलाज पूर्ण वेगळा, आणि उशीर झाला तर जीवावर बेतते. बाळंतपणानंतरचे काही आठवडे, शरीरातले पाणी कमी होणे आणि गर्भनिरोधक गोळ्या, या तिन्हींत गुठळीचा धोका वाढतो. बाळंतिणीला पाणी कमी प्यायला देण्याची जुनी रीत काही घरांत अजून आहे, तिला आमचा सरळ विरोध आहे. साध्या सीटीमध्ये ही गुठळी सुटू शकते. म्हणून डॉक्टर एमआरआयबरोबर शिरांचा वेगळा फोटो, एमआर व्हेनोग्राफी, काढायला सांगतात. हा जास्तीचा खर्च उगाच लावलेला नाही. टीबीचा मेंदूज्वर किंवा मेंदूतली गाठ नाही ना, हेही या तपासण्यांतूनच कळते. एमआरआयच्या रिपोर्टवर 'एम्प्टी सेला' असे छापलेले पाहून आपांच्या मियांना वाटले की मेंदूचा एक भाग रिकामा झाला. तसे नाही. वाढलेल्या दाबाने पिच्युटरी ग्रंथी चपटी होऊन तिची खोबणी रिकामी दिसते, तो दाबाचाच एक पुरावा आहे.

आता सगळ्यात घाबरवणारी तपासणी. पाठीतून पाणी काढले की माणूस लुळा होतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आपांच्या घरी याच्यावरून अर्धा दिवस वाद झाला आणि सहीला मिया तयार होईनात. त्यांना कुणीतरी आठवण करून दिली की दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी हिच्या कमरेत सुई दिलीच होती. जागा जवळपास तीच असते. पाठीच्या कण्यातली मुख्य दोरी त्याच्या वरच संपते, खाली पाण्यात मोकळ्या लोंबणाऱ्या नसा असतात, त्या सुईपुढे बाजूला सरकतात. एमआरआय आधी करतात तो याचसाठी, की आत गाठ असेल तर सुई घालू नये. कुशीवर झोपवून, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या उभ्या नळीत पाणी किती सेंटिमीटर चढते ते मोजतात. मोठ्या माणसात २५ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त म्हणजे वाढलेला दाब. आपांचा ३६ होता. नंतर एक-दोन दिवस उभे राहिल्यावर डोके दुखू शकते, ते बहुधा आपोआप थांबते. थोडे पाणी काढल्यावर अनेकांना लगेच हलके वाटते, पण तो इलाज नव्हे. दिवसाला अर्धा लिटर तयार होणारे पाणी काही तासांत पुन्हा भरते.

इलाजात पहिली येते ती ॲसिटाझोलामाइड, जी लडाखला जाणारे लोक 'डायमॉक्स' म्हणून ओळखतात. ती पाणी तयार होण्याचा वेग कमी करते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत १६५ रुग्ण होते. सगळ्यांना कमी मिठाचा, वजन उतरवणारा आहार दिला, आणि अर्ध्यांना त्याबरोबर ही गोळी. सहा महिन्यांनी गोळीवाल्यांची कडेची नजर जास्त सुधारली होती. गोळीने बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोड्याची चव फिकी लागते. आपांनी याला घाबरून चार दिवस गोळी बंद ठेवली होती. मुंग्या आल्या म्हणून स्वतः बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. मूतखड्याचा त्रास किंवा सल्फाच्या औषधाची ॲलर्जी असेल, गर्भ राहिला असेल किंवा राहावा अशी इच्छा असेल, तर ते आधीच सांगावे. डोकेदुखीची साधी गोळी रोज-रोज घेतली तर त्या गोळीमुळेच वेगळी डोकेदुखी सुरू होते, हे आम्हालाही नवीन होते.

नजर वेगाने जात असेल तर वाट बघत नाहीत. पोटापर्यंत बारीक नळी बसवून पाणी वळवणे, डोळ्याच्या नसेच्या आवरणाला छोटी खिडकी पाडणे, किंवा अरुंद झालेल्या शिरेत स्टेंट घालणे, यातले काय करायचे ते मेंदूचे आणि डोळ्याचे डॉक्टर मिळून ठरवतात.

पण आजाराच्या मुळाशी जाणारा इलाज अजून तरी वजन हाच आहे. ज्यांचे वजन जास्त आहे त्यांचे पाच ते दहा टक्के उतरले तरी अनेकांना फरक पडतो. आजार पूर्ण शांत व्हायला बहुधा त्याहून जास्त उतरवावे लागते. २०२१ च्या ब्रिटनमधल्या चाचणीत वजनाच्या शस्त्रक्रियेने दाब आहाराच्या कार्यक्रमापेक्षा जास्त उतरला. हे सगळे खरे, पण बोलायचे कसे, याचाही विचार करू या. "कमी खा, आपोआप बरी होशील," असे दस्तरखानावर चारचौघांत म्हटले की बाई दवाखान्यात जायचीच बंद होते. दोन बाळंतपणे, नोकरी, चौघांचा स्वयंपाक आणि चालायला सुरक्षित रस्ता नाही, अशा बाईने वजन कमी करायचे तर घरातल्यांनी काय करायचे, हा प्रश्न आधी विचारायला हवा. आपांच्या घरी शेवटी सगळ्यांचेच तेल कमी झाले आणि मिया रात्री त्यांच्याबरोबर चालायला निघू लागले. सडपातळ बायकांना आणि पुरुषांनाही हा आजार होतो, म्हणून बारीक मुलीची डोकेदुखीही हसण्यावारी नेऊ नये.

रमजानचा प्रश्न आपांनी स्वतः काढला. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोजे पुढच्या दिवसांवर नेण्याची सवलत आहे, आणि त्यांच्या डॉक्टरांनी नजर स्थिर होईपर्यंत ती घ्यायला सांगितले. लघवी वाढवणारी गोळी, दिवसभर पाणी नाही, त्यात मूतखड्याची भीती, हे गणित धोक्याचे होते. सूज असेपर्यंत त्यांनी खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज पढली. मोहल्ल्यात दोघींनी "एवढी तरुण आणि खुर्चीवर?" असे विचारलेच. आमची त्या दोघींना विनंती आहे की असे विचारू नये. तावीज, दम, दुआ कुणाला करायची असेल त्याने करावी. हिजामाने मात्र हा दाब उतरत नाही, आणि यापैकी कशासाठीही डोळ्यांची तपासणी पुढे ढकलू नये.

आणखी एक गोष्ट लपवली जाते. 'डोक्याचा आजार' म्हटले की आपल्याकडे लोकांना वेड आठवते, मग मुलीच्या रिश्त्यासाठी फाइल पलंगाखाली जाते. हा मानसिक आजार नाही. या आजारात लग्न करता येते, मूल होऊ देता येते, बाळंतपण नैसर्गिकही होऊ शकते. फक्त औषधे आणि डोळ्यांच्या तपासण्या डॉक्टरांच्या नजरेखाली चालू ठेवाव्या लागतात. फाइल लपवली तर गर्भारपणात गोळी चालते की नाही हे विचारणार कोण?

नवी मुंबईत पडदा तपासायला फार लांब जावे लागत नाही. नेरूळचे डी. वाय. पाटील, कामोठ्याचे एमजीएम ही मेडिकल कॉलेजची हॉस्पिटले आहेत, तिथे डोळ्यांचा विभाग आहे. मेंदूच्या विभागासाठी मुंबईत जे. जे., केईएम आणि शीवचे हॉस्पिटल आहे. जाताना काय सांगायचे ते घरी कागदावर लिहून न्या: दुखणे कधीपासून, वाकल्यावर काय होते, कानात आवाज येतो का, वर्षभरात वजन किती वाढले, कोणकोणत्या गोळ्या-क्रीम-कॅप्सूल चालू आहेत. थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसते, म्हणून कुणाला तरी बरोबर न्यावे. आणि ओपीडीची वाट न बघता थेट इमर्जन्सीला न्यायची वेळ कोणती, तर: नजर अचानक गेली, डोकेदुखीबरोबर ताप येऊन मान आखडली, झटका आला, एक बाजू लुळी पडली, माणूस गुंगीत जाऊ लागला, किंवा बाळंतपणानंतर डोके असह्य दुखू लागले.

आपांना आता सव्वा वर्ष झाले. वजन ११ किलोने उतरले, नसेची सूज गेली, गोळी कमी होत होत आता सकाळी एकच आहे. डाव्या डोळ्याच्या खालच्या कोपऱ्यातला एक तुकडा मात्र गेला तो गेलाच. जिना उतरताना त्या कठड्याला हात लावतात. दर चार महिन्यांनी फिल्ड टेस्टचा कागद आणतात, आधीच्या कागदाशेजारी ठेवतात आणि स्टाफरूममध्ये आम्हाला दाखवतात. मागच्या आठवड्यात आणलेला कागद आधीच्यासारखाच होता.